पायरीबाई

आमच्या बाईंना खुर्ची चालत नसे. कुठल्याही घरी गेलं की कुणीतरी लगबगीनं प्लास्टिकची खुर्ची पदरानं पुसून पुढे सरकवायचं. बाई त्या खुर्चीकडे मायेनं बघायच्या, ‘राहू दे तिला, दिवसभर दमली असेल,’ म्हणायच्या आणि दारातल्या पायरीवर बसायच्या. पायरी नसेल तर उंबऱ्यावर. मीरा रोडच्या एका टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर पायरी कुठून आणणार? बाईंनी जिन्याचं दार उघडून त्याला स्वतःची चप्पल लावली आणि सरळ जिन्यात बसल्या. घरमालकीण बिचारी चहाचा ट्रे घेऊन त्यांच्या मागोमाग जिन्यात. म्हणून त्यांच्या हाताखालचे आम्ही पाचजण त्यांना पाठीमागे पायरीबाई म्हणायचो. त्यांना ते कळत नाही असा आमचा समज होता. एकदा ऑफिसात फोन वाजला, त्यांनी उचलला आणि आमच्याकडे न बघता म्हणाल्या, ‘हं, पायरीबाई बोलतेय.’

खुर्चीचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. ‘खुर्चीत बसलेल्या माणसाला लोक तक्रार सांगतात. पायरीवर बसलेल्याला घरातलं सांगतात.’

बाई संशोधक होत्या. विषय असा, की पार्टीत कुणी विचारलं आणि उत्तर दिलं तर समोरचा हातातली डिश घेऊन दुसऱ्या टेबलाकडे जाईल. मुलांना घरात होणारी मारहाण, छळ, आबाळ आणि ते थांबवण्यासाठी असलेली सरकारी व्यवस्था. मुलांचा निर्णय करणारी समिती, बालगृह, हेल्पलाइन, सगळी साखळी. बाईंचा प्रश्न साधा होता. कुठल्या घरातलं मूल या व्यवस्थेच्या नजरेत येतं, कुठल्या घरातलं कधीच येत नाही, आणि जे येतं त्याचं पुढे भलं होतं का? यासाठी त्यांनी भाईंदरला तळमजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या आणि घरोघर जाऊन माहिती भरणारी माणसं शोधत होत्या.

मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांचा, नुकताच बेकार झालेला. कंपनी बंद पडली होती. अंगात दोनच गुण होते, वळणदार अक्षर आणि हौशी रंगभूमीवर कमावलेला आवाज. नाटकात मी कायम सरकारी वकील असायचो. बाईंनी मुलाखतीत सांगितलं, ‘मी एक आई आहे असं समजा. मला विचारा, मूल रडलं की मी काय करते.’ मी उभा राहिलो, शर्टाची बाही सारखी केली आणि असा काही प्रश्न टाकला की बाहेरून जाणारा भाजीवाला थांबून आत डोकावला. बाई पदर तोंडाला लावून हसल्या. ‘नटवर्य, तुम्ही प्रश्न विचारत नाही, फेकता. समोरची बाई घाबरून गुन्हा कबूल करेल. तिनं केलेला नसला तरी.’ तरीही त्यांनी मला घेतलं. तेव्हापासून मी नटवर्य.

त्यांच्या हाताखाली पहिल्या दिवशी प्रत्येकाला दोन वस्तू मिळायच्या, एक निळं पेन आणि एक शिसपेन्सिल. ‘पाहिलं ते पेननं, वाटलं ते पेन्सिलनं.’ बस्स, एवढंच प्रशिक्षण. मुलाच्या गालावर वळ आहे, पेन. बापानं मारलं असावं, पेन्सिल. ‘दुर्लक्ष’ हा शब्द तर कायम पेन्सिलनंच. मी तक्रार केली, ‘बाई, असं केलं तर अर्धा फॉर्म पेन्सिलचा होईल.’ त्या म्हणाल्या, ‘अर्धा? तुमचा तर पाऊण व्हायला हवा.’

मुलांना चॉकलेट द्यायला सक्त बंदी. ‘चॉकलेट देऊन मिळालेलं उत्तर चॉकलेटचं असतं, मुलाचं नसतं.’ आणि बाईंचं हिंदी! काशीगावच्या चाळींत बहुतेक घरं हिंदी बोलणारी. बाई पायरीवर बसून विचारायच्या, ‘बच्चा लई रडता है तो आप क्या करता?’ ती आई आधी खुदकन हसायची, मग म्हणायची, ‘रडता नहीं बाई, रोता है!’ बाई म्हणायच्या, ‘हां हां, रोता. फिर?’ मग ती शिकवत शिकवत सगळं सांगून टाकायची. नवरा कधी पितो, हात कधी उठतो, कुणाचा उठतो, स्वतःचा किती वेळा उठला. पाच वर्षं बाईंचं हिंदी तसूभर सुधारलं नाही. मला दाट संशय आहे की त्यांना उत्तम हिंदी येत होतं. मी नाटकवाला आहे, मला नट ओळखू येतो.

आता एक घर सांगतो. त्या घरानं माझा घात केला.

तो मीरा रोडचाच टॉवर, सहावा मजला. वडील इतके सभ्य की मीच ओशाळलो. फ्रीजवर मुलीचं वेळापत्रक छापून लावलेलं, त्यात फळं खायची वेळसुद्धा. दहा वर्षांची मुलगी, आपण तिला तनू म्हणू. खरी नावं सांगायची नाहीत हा बाईंचा नियम मी अजून पाळतो. मी सगळा फॉर्म निळ्या पेननं भरला, सगळं छान. दुसऱ्या वेळी बाई आल्या, जिन्यात बसल्या. वडील कामावर होते. तनू त्यांच्याशी गप्पा मारत होती आणि मध्येच, अर्ध्या वाक्यात थांबली. लिफ्टचा आवाज येत होता. ‘तिसऱ्यावर थांबली,’ ती म्हणाली आणि वाक्य पुढे सुरू केलं. परत लिफ्ट. परत थांबली. ‘पाचव्यावर. पाटील अंकल.’

बाईंनी अगदी सहज विचारलं, ‘सहाव्यावर थांबली की काय करतेस गं?’

तनू म्हणाली, ‘बाथरूममध्ये जाते.’

त्यानंतर बाई आणखी तीन वेळा गेल्या, तनूच्या मावशीला शोधून काढलं, आणि शेवटी ते सभ्य गृहस्थ समितीपुढे बसले. मुलगी मावशीकडे राहायला गेली. पुढे लिफ्टच्या आवाजानं तिचं वाक्य तुटायचं थांबलं की नाही मला माहीत नाही. पण मी मात्र आतून हललो. माझ्यासारखा माणसं ओळखणारा माणूस, आणि मला दिसलं नाही! बाई म्हणाल्या, ‘होतं असं.’ पण मी मनाशी ठरवलं की यापुढे आपल्या नजरेतून एकही घर सुटणार नाही. सरकारी वकील अंगात आला तो तेव्हा.

उत्तनच्या किनाऱ्यावरचं तारोडी गाव माझ्याकडे होतं. तिथे सुलोचना नावाची कोळीण, नवरा बोटीवर गेला की आठ-आठ दिवस समुद्रात. एकच मुलगी, सहा वर्षांची, चिमी. सुलोचनानं मला सकाळी आठची वेळ दिली होती. मी मुद्दाम साडेसहाला गेलो. गाफील पकडावं म्हणून. बाईंना हे सांगितलं नव्हतं.

दाराला बाहेरून कडी. कडीला जाळ्याचा निळा दोरा बांधलेला. गल्लीत चिटपाखरू नाही, बायका सगळ्या बोंबील सुकत घालायला किनाऱ्यावर. मी दाराशी आलो तशी आतून पावलं वाजली. मग आवाज आला, ‘आय?’ मी गप्प. एकट्या मुलाला प्रश्न विचारायचा नाही हा नियम मला पाठ होता. थोड्या वेळानं परत, ‘कोन हाय?’ मी दाराला टेकून फॉर्म भरत होतो. तिसऱ्यांदा ‘कोन हाय?’ आलं ते अगदी दाराच्या फटीपाशी, हळू. मी पेननं लिहिलं: मुलगी घरात कोंडलेली. कडी बाहेरून, वर दोऱ्याने जखडलेली. वीस मिनिटांत एकही मोठं माणूस नाही.

मग रेंजसाठी रस्त्यावर गेलो. मूल धोक्यात दिसलं तर त्याच दिवशी कळवायचं, हा आमच्या अभ्यासाचा नियम, आणि घरच्यांनाही तो आधीच सांगितलेला असे. बाई ठाण्याला समितीच्या फायली वाचत होत्या, त्यांचा फोन बंद. मी हेल्पलाइनला फोन केला आणि माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण केलं.

दुपारी हेल्पलाइनची दोन माणसं सुलोचनाकडे गेली. सभ्यपणे बोलली. ‘मुलीला कडी लावून जाता?’ सुलोचना म्हणाली, ‘हो.’ ‘रोज?’ ‘रोज.’ त्या भाबड्या बाईला वाटलं, विचारतायत तर सांगावं. संध्याकाळपर्यंत चिमी समितीपुढे होती आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत तिला बालगृहात ठेवायचं ठरलं. बाजारातून आणलेली मासळीची पाटी धुवायची राहिली तशीच सुलोचना तिच्या मागे गेली होती, असं नंतर कळलं.

बाई ऑफिसात आल्या तेव्हा मी शौर्यपदकाच्या अपेक्षेत बसलो होतो. त्यांनी फॉर्म वाचला. सगळा निळा. बराच वेळ वाचत राहिल्या, मग विचारलं, ‘कडीला कुलूप होतं?’

‘नाही बाई. दोरा होता. घट्ट!’

‘तुम्ही ओढून पाहिलात?’

‘नाही.’

‘मग कडी काढली का नाहीत?’

मी छाती काढून म्हणालो, ‘पुराव्याला हात लावायचा नाही म्हणून.’

बाईंचा आवाज कधी चढत नसे. तेव्हाही चढला नाही. ‘नटवर्य,’ त्या म्हणाल्या, ‘आत मूल होतं. पुरावा नव्हता.’

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं आम्ही तारोडीला. बाई सुलोचनाच्या पायरीवर जाऊन बसल्या. दार बंद. गल्लीतल्या बायका यायच्या-जायच्या, बघायच्या, पलीकडे थुंकायच्या. एकजण म्हणाली, ‘आता कशाला आलीस गो? पोर तर नेलीत तुमी.’ बाई म्हणाल्या, ‘आमची चूक झाली. काय चुकलं ते कळायला आलेय.’ मी वाट बघत होतो की त्या माझ्याकडे बोट दाखवतील. एक बोट, पुरे होतं. दाखवलं नाही. दुसरी म्हणाली, ‘ऊठ, पायरी धुवायची हाय,’ आणि मासळीचं पाणी ओतलं. बाई एक पायरी खाली सरकल्या. साडीचा काठ भिजला तो तसाच.

तीन सकाळी असं झालं. तिसऱ्या सकाळी समोरच्या घरातली मेरीबाय काठी टेकत आली. सत्तरीची, दोन्ही गुडघे गेलेले. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘ह्योच का तो? दोऱ्याला भ्यालेला?’

मग तिनं सांगितलं. आय बाजारात, पोर घरात, असं असलं की कडी बाहेरून लावायची, म्हणजे पोर झोपेत उठून खाडीकडे जाणार नाही. आणि कडीला दोरा बांधायचा. दोरा दिसला की गल्लीतल्या ज्याला-त्याला समजतं, आत पोर हाय, जाता-येता कडी काढून बघायचं. मेरीबायची सासूसुद्धा तसाच बांधायची. ‘मी रोज सहाला उघडते, पोरीला चाय-खारी देते. आदल्या सांजेला गुडघ्याला इंजेक्शन घेतलेलं, त्या दिवशी उठायला उशीर झाला. सात वाजता उघडली की मी! तू कुठं गेलतास?’

मी रस्त्यावर भाषण करत होतो.

‘हे सुलोचनानं समितीला का नाही सांगितलं?’ मी विचारलं.

मेरीबायनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी मला नाटकात कधी मिळाली नाही. ‘काय सांगायचं? दोरा तर दिसतोय!’

वाटलं होतं बाई आनंदून उठतील. त्या तिथेच बसून लिहीत होत्या, पेननं. मी वाकून पाहिलं. ‘दोऱ्याचा अर्थ गल्लीला माहीत, आम्हाला नाही. मेरीबाय सत्तरीची. ती आजारी तर दुसरं कोण, हे ठरलेलं नाही. तेवढा वेळ मूल खरोखर एकटं.’ मी म्हणालो, ‘बाई, हे शेवटचं कशाला? उलट जाईल.’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही नको ते लिहून चूक केलीत. मी हवं तेवढंच लिहून करू का?’

समितीपुढे त्यांनी मलाच बोलायला लावलं. आत शिरताना म्हणाल्या, ‘नटवर्य, आज आवाज लहान.’ मी सांगितलं. वेळेआधी गेलो, दोरा ओढून पाहिला नाही, मुलीनं तीनदा विचारलं आणि मी उत्तर दिलं नाही. अध्यक्ष मॅडम माझ्याकडे बघत होत्या, मी टेबलावरच्या पेपरवेटकडे. बाईंनी एवढीच पुरवणी जोडली, ‘समितीनं कागदावर विश्वास ठेवला. कागद आमचा होता.’

नेल्यापासून सहाव्या दिवशी चिमीला सोडलं. अट अशी, की मेरीबायच्या जोडीला आणखी एक घर सकाळचं ठरवायचं. सुलोचना बालगृहाच्या गेटाशी उभी होती. चिमी आली, पण धावत आली नाही. सहा दिवस जो भेटेल त्यानं तिला एकच विचारलेलं. ती आईपुढे उभी राहिली आणि म्हणाली, ‘आय, तू कडी का लावतेस?’

सुलोचनानं तिला उचललं आणि बसस्टॉपकडे चालायला लागली. आम्ही मागून गेलो नाही. बाईंनी माझी बाही धरून ठेवली होती.

पुढे काय झालं ते कुठल्याच फॉर्ममध्ये बसणारं नव्हतं. महिन्याभरानं आम्ही तारोडीला गेलो तर एकाही कडीला दोरा नाही. दारं आतून बंद. आत पोरं असायची, कळायचं, पण दार वाजलं की एकदम शांत. आयांनी शिकवलं होतं, कोणी आलं तर बोलायचं न्हाय. मेरीबायलासुद्धा दोनदा हाक मारावी लागायची. बाई त्या शांततेत उभ्या राहिल्या आणि मी त्यांना पहिल्यांदा खांबाला हात टेकताना पाहिलं. म्हणाल्या, ‘आपण यायच्या आधी ही पोरं विचारत तरी होती.’

त्यानंतर त्यांनी जे केलं ते शहाण्या माणसानं करू नये. ‘मूल कोंडून ठेवणे’ या रकान्याखाली आम्ही सगळ्या घरांतून गोळा केलेली माहिती त्यांनी रद्द केली. काशीगावपासून उत्तनपर्यंत सगळी घरं परत. एकच प्रश्न, ‘कडी कोण काढतं?’ तो प्रश्न आम्ही आधी कधी विचारलाच नव्हता. कुठे काढणारं कुणीच नव्हतं, आणि तिथे खरोखर पोरांचे हाल होते. कुठे सगळी चाळ काढत होती. आणि तनूच्या घरासारख्या घरांना कडीच नव्हती, लिफ्ट होती. पैसे देणाऱ्या संस्थेचे साहेब आले, एसी गाडीतून. म्हणाले, ‘मॅडम, त्या तारोडीच्या केसची एक तळटीप टाका, पुरे.’ बाई म्हणाल्या, ‘तळटीपेत मूल मावत नाही हो.’ अहवालात आख्खं प्रकरण आलं, ‘आमच्याकडून झालेली इजा’. तनूला शोधल्याचं कौतुक कुठेही नाही. पुढचा प्रकल्प दुसऱ्या कुणाला तरी गेला.

दर सोमवारी मात्र त्या तारोडीला जात राहिल्या. कामासाठी नव्हे, कामच नव्हतं. नुसत्या बसायच्या. कधीतरी सुलोचना त्यांच्या शेजारी मासळी साफ करायला बसू लागली. मग बायकांनीच मेरीबायच्या ओट्यावर पहाटे पाचपासून पोरं ठेवायला सुरुवात केली, पाळीपाळीनं दोघी-दोघी. कुणी बाईंना श्रेय दिलं की त्या चिडायच्या. ‘आम्ही फक्त मोडलं. जोडलं त्यांनी.’

दोन खोल्या रिकाम्या करून त्या बहिणीकडे सावंतवाडीला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, ‘आता तुम्ही शिकवा.’ मी म्हणालो, ‘मी? दोऱ्याला भ्यालेला माणूस?’ ‘म्हणूनच. न चुकलेल्या माणसाला शिकवायला काही नसतं.’

त्यामुळे आता मी शिकवतो. एका संस्थेत नवी पोरं-पोरी येतात, पाहणीला जायच्या आधी त्यांच्यापुढे मी तारोडीचा संपूर्ण प्रयोग करतो. सगळ्या भूमिका माझ्या. मेरीबायची काठी, साहेबांची एसी गाडी, हेल्पलाइनवरचं माझं भाषण. ‘पुराव्याला हात लावायचा नाही’ वर हमखास हशा. एकदा बाई डॉक्टरांना दाखवायला मुंबईत आल्या होत्या, न सांगता वर्गात येऊन मागे बसल्या. खूप बारीक झाल्या होत्या. मी केलेली त्यांची नक्कल बघून डोळे पुसेपर्यंत हसल्या.

वर्ग सुटल्यावर म्हणाल्या, ‘सगळ्यांचे आवाज काढलेत. एक वाक्य गाळलंत.’

‘कुठलं?’ मी विचारलं. मला माहीत होतं.

‘ती आतून काय म्हणाली ते.’

‘ते जमत नाही, बाई.’

‘जमवू नका. त्याची नक्कल नकोच. पण गाळू पण नका. फॉर्मवर तर लिहिलं नव्हतंत तुम्ही. आता लिहा आणि वाचून दाखवा.’

ती आमची शेवटची भेट. पुढच्या वर्षी सावंतवाडीहून त्यांच्या बहिणीचा फोन आला.

तेव्हापासून प्रयोगात त्या जागी आलो की मी खिशातून कागद काढतो, चष्मा लावतो आणि वाचतो. आय? कोन हाय? कोन हाय? कसलाही अभिनय न करता. मग कागदाची घडी घालतो आणि तसाच उभा राहतो. त्यावर भाषण करत नाही. मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही.